वडिलांच्या आजारपणामुळे घरी

राजदीपची पीएचडी मी काढून टाकली. ती मिळवायला त्याला सहा वर्षं लागली होती. काढायला मला दोन मिनिटं लागली, तीही जळगावात मेहरूणला आमच्या गल्लीत नेट नीट चालत नाही म्हणून.

आम्ही दोघं जळगावला एकाच कॉलेजात, इतिहासाच्या एकाच वर्गात होतो. त्यामुळे मी त्याला नावानेच हाक मारते. धरणगावला सासूसासऱ्यांसमोर तेवढं 'अहो' होतं. बी.ए. झाल्यावर मी टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकून एका क्लासमध्ये शिकवायला लागले. राजदीप पुढे शिकत राहिला. एम.ए., सेट, नेट, मग पीएचडी. खानदेशातल्या जिनिंग कारखान्यांत राबलेल्या बायकांवर त्याचा प्रबंध होता. धरणगाव, जामनेर, अमळनेर असं फिरून तो ऐंशी-पंच्याऐंशीच्या म्हाताऱ्यांना शोधून काढायचा आणि त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचा. इंदिराबाई नावाच्या एका आजींकडे तर तो एकवीस वेळा गेला होता. त्या दर वेळी म्हणायच्या, आता काही आठवत नाही, आणि दर वेळी तासभर बोलायच्या. घरी आल्यावर तो मला सगळं परत सांगायचा, त्यांच्या आवाजात. त्या सहा वर्षांइतका खूश मी त्याला आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

नंतरची अकरा वर्षं तो तासिका तत्त्वावर शिकवत होता. जामनेरला दोन वर्षं, धरणगावला चार, बाकी जळगावात. दर जूनला नवी ऑर्डर, दर मार्चला ती संपलेली. कायम होईल, कायम होईल, असं त्याला सगळे सांगत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो. गेल्या जूनमध्ये प्राचार्यांनी त्याला बोलावून सांगितलं की इतिहासाला या वर्षी सात मुलं आली आहेत, वर्ग बंद करावा लागतोय. त्यांना वाईट वाटत होतं. त्यांनी त्याला चहा पाजला आणि त्याच्या प्रबंधाची प्रत ग्रंथालयात कायम राहील असंही म्हणाले.

घरी येऊन राजदीप म्हणाला, "स्नेहल, आता दुसरी लाइन धरायची. मी एक्केचाळीसचा आहे. अजून वेळ गेलेली नाही."

नोकरीच्या साइटवर त्याचं प्रोफाइल होतंच. नावाआधी डॉ., खाली पदव्या, शोधनिबंधांची यादी, परिषदा, त्याच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले चार चांगले शब्द. त्या प्रोफाइलवरून त्याने महिनाभरात चाळीसेक ठिकाणी अर्ज केले. विमा कंपनी, शाळांची पुस्तकं छापणारे, गोदामं, हॉस्पिटलचं ऑफिस. एकाचंही उत्तर आलं नाही. नकारसुद्धा नाही.

मग मी जिनलला फोन केला. जिनल चार वर्षांपूर्वी माझ्याकडे टायपिंगला होती. कापडवाल्यांची मुलगी, फार चटपटीत. आता नोकऱ्या लावून देणाऱ्या एका ऑफिसात काम करते. तिने प्रोफाइल पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी क्लासवरच आली.

"मॅडम, राग येऊ देऊ नका," ती म्हणाली. "सरांचं प्रोफाइल फार चांगलं आहे. म्हणूनच कोणी बोलवत नाही."

"म्हणजे?"

"गोदामाला सुपरवायझर पाहिजे असतो. मालक काय विचार करतो, हा डॉक्टर माणूस, दोन महिन्यांत कॉलेजची ऑर्डर आली की निघून जाईल. नाहीतर मलाच शिकवेल. मी असते तरी नसतं बोलावलं."

"मग काय करायचं?"

"बी.ए. ठेवा. कॉम्प्युटर येतं ते लिहा. बाकी सगळं काढा. शिकवलं आहे ना, त्याला ट्रेनिंग आणि रेकॉर्ड असं म्हणा. प्राध्यापक शब्द नको."

मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं होतं तो चिडेल. तो म्हणाला, "बरोबर आहे तिचं. रविवारी बसू."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन बसले. आमची मुलगी शेजारी गेली होती. राजदीप खिडकीपाशी उभा राहून सांगत होता आणि मी करत होते. त्यालाही करता आलं असतं, पण मला त्याला म्हणवलं नाही की तू बस.

"डॉ. आधी काढ."

काढलं. नंतर नेट, सेट. शोधनिबंध एकेक करून काढावे लागले, सोळा होते. विद्यार्थ्यांचे चांगले शब्दही काढले. पीएचडीवर बोट ठेवलं तेव्हा साइटने विचारलं, नक्की काढायचं का. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी वळताना बघत होता. "काढ," म्हणाला. मग साइटने विचारलं, हा बदल तुमच्या ओळखीच्या लोकांना कळवायचा का. नको, असं मी केलं.

सगळं झाल्यावर एक भोक राहिलं. एम.ए.सुद्धा काढलं होतं, त्यामुळे बी.ए.नंतर थोडी शिकवण्यांची वर्षं धरली तरी मध्ये सहा वर्षं काहीच नाही. माणूस सहा वर्षं कुठे होता, हे कोणीही विचारणार.

"शेती लिही," राजदीप म्हणाला.

"आपल्याला शेती कुठे आहे? विचारलं, कोणत्या शिवारात, तर काय सांगशील?"

"मग दुकान."

"कोणाचं?"

त्याने खिडकी अर्धी लोटली. मग म्हणाला, "वडिलांच्या आजारपणामुळे घरी, असं लिही."

माझे सासरे भटूआबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. धरणगावच्या नगरपालिकेत ते वॉल्व्हमन होते. मोठी लोखंडी चावी खांद्यावर घेऊन गल्ल्यांना पाणी सोडायचे. अजून सायकल चालवतात. आजारी म्हणून ते एक दिवस झोपलेले मला आठवत नाहीत. मी हे बोलून दाखवलं नाही. त्यालाही ते माहीतच होतं. मी लिहिलं आणि सेव्ह केलं.

अठरा दिवसांनी धुळ्याहून फोन आला.

शेतीच्या औषधांचं आणि बियाण्यांचं मोठं गोदाम होतं, अवधानच्या एमआयडीसीत. मालक प्रेमराज, पंचावन्नच्या आसपासचे, मूळ राजस्थानकडचे, चार पिढ्या धुळ्यात. राजदीप मुलाखतीला गेला तेव्हा त्यांनी पदवीचं काही विचारलं नाही. टेबलावर प्रोफाइलचा कागद होता, त्यावर त्यांनी पेनाने एका ओळीखाली रेघ मारली होती.

"वडिलांना काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

राजदीपने हा प्रश्न येईल असं धरलं नव्हतं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "लकवा."

"कोणती बाजू?"

"उजवी."

"सहा वर्षं तुम्हीच केलं सगळं?"

"हो. आई होती मदतीला."

प्रेमराजांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. "हे माझे बाबूजी, मिश्रीलालजी. पाच वर्षं पलंगावर होते. मी दुकान भावावर सोडून त्यांच्याजवळ बसलो. लोक म्हणायचे, धंदा बुडवला. ज्याने हे केलं आहे त्याला मी आणखी काय विचारणार? सोमवारपासून या."

राजदीपने हे मला त्या संध्याकाळी जसंच्या तसं सांगितलं. आम्ही दोघांनीही आनंद झाल्यासारखं काही केलं नाही. मी म्हटलं, "सांगून टाकायचं होतंस." तो म्हणाला, "कधी? रेघ मारलेली दिसली तेव्हा, की फोटो दाखवला तेव्हा?"

धुळ्याला देवपुरात त्याने एक खोली घेतली. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बसने जळगावला यायचा. काम त्याला जमलं. गोदामात पन्नास-साठ कंपन्यांचा माल, आणि मुदत संपलेल्या बाटल्या नव्या बाटल्यांच्या मागे पडून असायच्या. त्याने रॅकवर तारखा लावल्या, रंगीत पट्ट्या लावल्या. नवल आणि अभिमन नावाचे दोन हमाल होते, त्यांना बाटलीवरचा बॅच नंबर वाचायला शिकवला. "पहिल्यांदाच कोणीतरी शिकवलेलं लगेच वापरतंय," असं तो मला म्हणाला, आणि हसलाही. प्रोफाइलवर मी नवं पद टाकलं. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी अभिनंदन केलं. एकाने विचारलं, सर, पीएचडी दिसत नाही, चुकून गेली का? त्याला आम्ही उत्तर दिलं नाही.

फक्त प्रेमराज दर आठवड्याला वडिलांची चौकशी करायचे. आता बोलतात का, हात हलतो का. एकदा त्यांनी एका वैद्याकडचं मालिशचं तेल दिलं, मोठी बाटली. "माझ्या आईने, कुसुमलताबाईंनी, पाठवलं आहे. बाबूजींना याने आराम पडायचा." राजदीपने ती बाटली घरी आणून ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून जेवायला बसला. पुढच्या खेपेला आम्ही धरणगावला गेलो तेव्हा मी ती सासूबाईंना दिली. त्यांनी गुडघ्यांना लावलं. "बरं शे तेल," म्हणाल्या. "आखो मियी का?" आणखी मिळेल का, असं त्या विचारत होत्या.

आबांना आणि सासूबाईंना आम्ही एवढंच सांगितलं होतं की धुळ्याच्या कंपनीत साहेब म्हणून लागला आहे. कॉलेज का सोडलं, असं आबांनी एकदा विचारलं. राजदीप म्हणाला, इथे जास्त बरं आहे. आबांनी मान हलवली. मुलाने निर्णय घेतला म्हणजे तो विचार करूनच घेतला असणार, असं ते नेहमी धरून चालायचे.

नोव्हेंबरात धुळ्याला आबांच्या एका पुतणीचा मंगल परिणय होता. राजदीपला गोदामातून सुटी मिळण्यासारखी नव्हती, आणि आबांनीही त्याला आग्रह केला नाही. ते एकटेच गेले. दुपारी चारच्या सुमाराला मी क्लासमध्ये होते, मुलींची स्पीड टेस्ट चालू होती. आबांचा फोन आला. मागे बसस्टँडची घोषणा ऐकू येत होती.

"स्नेहल, मी पोऱ्यानं गोदाम पाही उनू," ते म्हणाले. मुलाचं गोदाम पाहून आले होते. "लगीन आटोपनं, म्हनं, एवढा जवळ उनू ते जाई येऊ."

मी उठून बाहेर आले. "राजदीप भेटले का, आबा?"

"तो ट्रकवर माल मोजी ऱ्हायंता. मी गेटवरना मानूसले सांगं, डॉक्टर राजदीपले बलाव. तो म्हने, आठे डॉक्टर कोनी नही. मंग मी शेठकडेच गऊ."

"शेठ काय म्हणाले?"

"भला मानूस शे. खुर्ची दिधी, चहा पाजा. माले इचारं, तुम्ही राजदीपना कोन? मी सांगं, बाप. तो माले वरखाले पाहायले लागना. म्हने, तुमनी तब्येत? मी म्हनं, मना तब्येतले काय व्हयनं? आते बी सायकल चालाडस." आबा हसले. "मंग मी त्याले बठ्ठं सांगी टाकं. म्हनं, शेठ, तुमले ठाव नही, मना पोऱ्या डॉक्टर शे. दवाखानाना नही, पुस्तकेसना. सहा वरीस तो गावगाव फिरना. त्यानं पुस्तक कॉलेजमा ठेयेल शे. मी सोता पाहेल शे, लाल पुठ्ठानं."

"मग?"

"मंग काय, तो बशी ऱ्हायना. तोंड उतरी गयं त्यानं. माले वाटनं, एवढा शिकेल मानूस आपलाकडे शे, त्याले ठावच नव्हतं, म्हनीसन." ते थांबले. "मी काही चुकनू का व माय?"

"नाही, आबा," मी म्हणाले. "बस लागली असेल, तुम्ही बसून घ्या."

आत आले तर मुली वेळ संपूनही टाइप करत बसल्या होत्या. मी त्यांना थांबा म्हणायचं विसरले होते.

राजदीप दुसऱ्या दिवशी सकाळी आला, सोबत खोलीवरचं सगळं सामान. गादी त्याने बसच्या टपावर टाकून आणली होती. त्याने जे सांगितलं ते असं. आबा गेल्यावर प्रेमराजांनी त्याला आत बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही.

"पदवी लपवली त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "लोक वाढवून सांगतात, तुम्ही कमी करून सांगितलंत. पोटासाठी माणूस करतो. पण चांगल्या, चालत्याफिरत्या बापाला तुम्ही अंथरुणावर झोपवलंत, राजदीपजी. आणि मी माझ्या आईला घरी जाऊन सांगत होतो. ती रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी माळ जपायची."

राजदीप म्हणाला, "माझी चूक झाली."

"ते म्हातारे इथे बसून तुमचं कौतुक सांगत होते, आणि मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. आता रोज तुम्हाला पाहीन तेव्हा मला तेच आठवेल. मला ते जमायचं नाही."

निघताना नवल आणि अभिमन खोलीवर आले आणि त्यांनी त्याची गादी रिक्षात चढवली. कशामुळे, हे त्यांनी विचारलं नाही. गोदामात बातमी आधीच पोचली असावी.

आठवडाभराने राजदीपने प्रेमराजांना पत्र लिहिलं. मोबाइलवर नाही, कागदावर, चार पानं. पहिल्यापासून सगळं लिहिलं, अगदी खिडकीपाशी उभं राहून कसं सांगितलं तेही. पोस्टाने पाठवलं. उत्तर मोबाइलवर आलं: "पत्र मिळालं. तुमचं काम चांगलं होतं. वडिलांना माझा नमस्कार सांगा." राजदीपने ते बरेचदा वाचलं. त्यात रागाचं काही नव्हतं. रागाचं असतं तर त्याला पुन्हा काही लिहिता आलं असतं.

डिसेंबरात आम्ही धरणगावला गेलो. मला वाटत होतं, आबांना काही कळू देऊ नये. दुसरी नोकरी बघतोय एवढं सांगावं. पण राजदीपने ठरवलं होतं. अंगणात आबा सायकलची चेन पुसत होते, सासूबाई ज्वारी निवडत होत्या. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि सांगितलं. कॉलेजातला वर्ग बंद झाल्यापासून ते गादी टपावर टाकेपर्यंत. आबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. हातातलं फडकं तसंच धरून होते.

सासूबाईच आधी बोलल्या. "मंग ते तेल?"

"आबांसाठी दिलं होतं त्यांनी," राजदीप म्हणाला.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यांवरून लुगडं सारखं केलं.

आबांनी विचारलं, "पदवी काढता येस का?"

"खरी नाही, आबा. कॉम्प्युटरवर लिहिलेली असते, तेवढी काढली."

"आम्हले सांगेल व्हतं," आबा म्हणाले, सावकाश, जणू राजदीपला नाही, दुसऱ्याच कोणाला सांगावं तसं. "घर जास, काम जास, बठ्ठं जास. शिकेल कोनी काढी लेत नही. म्हनीसन तुले शिकाडं." मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "ते कोनी काढं?"

"मी काढलं, आबा," मी म्हणाले.

"मीच सांगितलं होतं तिला," राजदीप म्हणाला.

"तू सांगं, तिनी काढं." आबांनी फडकं सायकलच्या सीटवर ठेवलं. "आनि माले लकवा व्हयना, ते बी तिनी लिखं?"

"फक्त कागदावर होतं ते," राजदीप म्हणाला.

"कागदवरच ऱ्हास," आबा म्हणाले. "तीस वरीस नगरपालिकामा काढात मी. माले ठाव शे."

ते उठले आणि आत गेले. रागावून गेले असं नाही. जेवायला आमच्याबरोबरच बसले, नातीला ताटातली पापडी दिली. पण त्या दिवसापासून ते राजदीपशी जपून बोलतात, पाहुण्याशी बोलावं तसं. बरं आहे ना, गाडी वेळेवर मिळाली ना. राजदीपला हे सगळ्यात जास्त लागलं आहे, हे मला माहीत आहे.

जळगावला परत आल्यावर मी त्याची पदवी परत टाकली. नेट, सेट, सोळा शोधनिबंध, सगळं जसं होतं तसं. आजारपणाची ओळ काढली. विद्यार्थ्यांनी लिहिलेले चांगले शब्द मात्र परत येईनात. ते ज्याने लिहिले त्यानेच पुन्हा लिहावे लागतात, आणि राजदीप कोणाकडे मागायला तयार नव्हता. धुळ्याचे चार महिने ठेवायचे की नाही, यावर आम्ही अडकलो. जिनलला विचारलं.

"ठेवले तर समोरचा प्रेमराजभाऊंना फोन करणार," ती म्हणाली. "जळगाव-धुळ्याचे सगळे व्यापारी एकमेकांना ओळखतात. ते वाईट बोलणार नाहीत, मला माहीत आहे. पण गप्प राहतील. आणि गप्प राहिले की झालंच."

"आणि नाही ठेवले तर?"

"तर परत लपवणं झालं ना, मॅडम."

ती थोडा वेळ बसली. जाताना म्हणाली, "मीच सांगितलं होतं काढायला." मी म्हटलं, तू फक्त पदवीचं सांगितलं होतंस. तिला तेवढ्याने बरं वाटलं नाही. तेव्हापासून ती फोन कमी करते.

आम्ही ते महिने ठेवले. मार्चपर्यंत साठेक अर्ज केले. नाशिकच्या एका ऑफिसातून एकदा फोन आला. बाई छान बोलल्या, सगळी माहिती घेतली, कळवतो म्हणाल्या. कॉलेजांच्या जाहिरातींत इतिहास कुठेच नव्हता. एप्रिलपासून राजदीप प्रोफाइल उघडून बघेनासा झाला. मी आधी रोज बघायचे, मग आठवड्याने.

आता तो एका अभ्यासिकेत बसतो. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली दिवसभर वाचत असतात, त्या हॉलची किल्ली त्याच्याकडे असते. सकाळी उघडायचं, रजिस्टरवर सह्या घ्यायच्या, पंखे-दिवे बघायचे, कोणी मोठ्याने बोललं तर गप्प करायचं. मालक रतिलालभाई ओळखीचे नाहीत, शिक्षण त्यांनी विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. या वेळी लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं. विषयच निघाला नाही.

मे महिन्यात एक दिवस तो डबा विसरून गेला. माझा क्लास दुपारी नव्हता, म्हणून मी पोचवायला गेले. हॉलच्या दाराशी त्याचं टेबल आहे. तिथे एक मुलगी दोन गाइडं घेऊन उभी होती, विशीची असेल, ओढणीने घाम पुसत.

"सर, या गाइडमध्ये महाडचा सत्याग्रह एकोणीसशे अठ्ठावीस दिला आहे, आणि यात सत्तावीस," ती विचारत होती. "बरोबर कोणतं?"

राजदीपने दोन्ही पानं पाहिली. आमच्या घरात हे साल सासूबाईंनाही पाठ आहे, ज्या कधी शाळेत गेल्या नाहीत.

"आणखी एखादं पुस्तक बघ," तो म्हणाला.

"तुम्हाला नाही माहीत?"

"नाही."

मुलीला त्यात विशेष काही वाटलं नाही. किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाला हे माहीत असावं, अशी तिची अपेक्षाही नसणार. ती गाइडं मिटून वळली तेव्हा मी दारातूनच म्हणाले, "सत्तावीस. वीस मार्च."

तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि उभ्या उभ्याच पेन्सिलीने पानावर खूण केली. मग आत जाऊन जागेवर बसली.

राजदीपने डबा घेऊन टेबलाच्या खणात ठेवला. रजिस्टर पुढे ओढून सकाळच्या सह्या मोजायला लागला. मी उभीच आहे हे लक्षात आल्यावर म्हणाला, "एवढ्या उन्हात कशाला आलीस."